ढोल बंद ठेवलेली पेटी

नांदेडच्या एका माणसाने जुना साउंड मॉड्यूल विकायला काढला आहे, हे मला मोबाईलवर दिसलं तेव्हा मी लातूरच्या आमच्या अभ्यासिकेत दाराजवळच्या टेबलाशी बसलो होतो. आत मुलं-मुली वाचत होती. मी फोटो बोटांनी मोठा केला. दोन विटा शेजारी ठेवाव्यात एवढा काळा डबा, पुढे छोटासा पडदा, शेजारी आवाजाचं गोल बटण. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"अब्बा, काय बघून राहिले?" मुलाने मागून विचारलं.

"पेटी."

"कसली?"

"माझ्याकडे होती तसली."

त्याने शेजारची खुर्ची ओढून घेतली. मग कुजबुजत म्हणाला, "आणि घेऊन करणार काय?" अभ्यासिका असल्यामुळे आम्ही बापलेक भांडतोही कुजबुजतच.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही तिला पेटी म्हणायचो, पण ती हार्मोनियम नव्हे. आवाज सगळे तिच्या पोटात असतात, दाबायला मात्र एक पट्टी नसते. की-बोर्ड वेगळा घ्यायचा आणि वायरने तिला जोडायचा. बोट की-बोर्डवर पडतं, सनई पेटीतून निघते. अशा सोळा वाटा तिच्यात असतात, एकेका वाटेवर एकेक वाद्य. कुठे सनई, कुठे बासरी, कुठे व्हायोलिनचा ताफा. दहावी वाट ढोल-ताशांची. पेटी जपानात बनलेली असो की आणखी कुठे, ढोल दहाव्याच वाटेवर. पडद्यावर सोळा उभ्या पट्ट्या नाचतात, ज्या वाटेचा आवाज चालू तिची पट्टी वर उडते.

मुलाने कारणं सांगितली, ती सगळी खरी होती. हे आवाज आता मोबाईलमध्ये फुकट येतात. बिघडली तर भाग मिळणार नाहीत. ठेवायची कुठे, त्या कोपऱ्यात दोन टेबलं बसतात. मी प्रत्येक कारणाला मान हलवली. शेवटी त्याने खरं कारण काढलं.

"लोक विसरलेत, अब्बा. तुम्ही परत वाजवायला बसलात की त्यांना आठवंल."

काय आठवेल ते दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगतो. लातूरजवळच्या औशात जुन्या बँडवाल्यांना माझ्याबद्दल विचारलंत तर ते म्हणतील, हा भूकंपाच्या साली मढ्यांवर वाजवून आला. नवी पेटी मिरवायला गेला. हे ऐकत मी म्हातारा झालो. ऐकून गप्प बसलो, म्हणून ते खरं मानलं गेलं. आता बसत नाही.

आमचं घराणं औशातलं, बँडवाल्यांचं. अब्बा क्लॅरिनेट वाजवायचे आणि बँड त्यांच्या नावाने चालायचा. बसस्टँडजवळच्या चौकात बँडवाल्यांच्या टपऱ्या ओळीने होत्या, रंगीत पाट्या लावलेल्या, समोर चहाचं हॉटेल. लग्न ठरलं की लोक तिथे बँड ठरवायला, सुपारी द्यायला येत. बाहेरच्यांना वाटे की हे सगळे एकमेकांचे वैरी असतील. तसं नव्हतं. एकाही बँडकडे लग्नसराईला पुरतील एवढी माणसं नसत. याचा ढोलवाला त्याच्याकडे, त्याचा ट्रंपेटवाला याच्याकडे, असं उसनं देऊन-घेऊन सगळे उभे राहत. चहासुद्धा वाटून. एक चहा सांगायचा, कपातला एकाने घ्यायचा, बशीतला दुसऱ्याने. कोण कुणाची बशी घेतो यावरून चौकातली मर्जी कळायची.

या चौकात सगळ्यांत मोठा शब्द मामूंचा. ते माझे नात्याने कुणी नव्हेत, सगळा चौकच त्यांना मामू म्हणायचा. त्यांचा स्वतःचा बँड होता आणि ढोल ते स्वतः वाजवत. त्यांच्या ढोलाने वरातीतली घोडी थबकते असं लोक म्हणत. मी नव्या पद्धतीचा, की-बोर्डवाला. हैदराबादच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून मी वापरलेली, पण चौकाला नवीच अशी पेटी आणली तेव्हा मामू तिच्याकडे पाहून म्हणाले होते, "याच्यात ढोल बी हाय म्हणतो? मग आम्ही काय आता ऊस तोडायला जायचं?" सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

भूकंप झाला तो गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, हे इकडे कुणाला सांगावं लागत नाही. औशाचे दोन-तीन बँड आदल्या संध्याकाळी किल्लारीच्या बाजूच्या गावांत मिरवणुका वाजवून आले होते. मी अब्बांबरोबर औशातच होतो. ज्या गल्ल्यांतून आदल्या दिवशी बाजा गेला त्या गल्ल्या दुसऱ्या दिवशी नव्हत्या. आम्ही सगळे तिकडे गेलो, दगड उचलले, जे काढायचं ते काढलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना गरज नाही आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही.

चौकात नंतर ठराव झाला. त्या गावांत वर्षभर कुणी बँड वाजवायचा नाही. सुपारी आली तर हात जोडून परत करायची. मामूंनी तो हॉटेलात उभं राहून सांगितला आणि सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली.

पुढच्या उन्हाळ्यात, लग्नसराई तोंडावर असताना, एका बाजारच्या दिवशी एक बाई भावाला घेऊन आमच्या टपरीवर आली. अब्बा सुपारीला गेले होते. भाऊ लांब, रस्त्याच्या कडेला उभा राहिला. ती पुढे आली.

"बाजा पायजे," ती म्हणाली.

कुठे, ते तिने सांगितलं. भूकंपानंतर उभी केलेली पत्र्याच्या शेडची वस्ती. मी म्हणालो, "बाई, तिकडं आम्ही वर्षभर वाजवत न्हाई. ठरलंय आमचं."

"कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनी."

"आमाला इचारलं?"

मी तिला बसायला स्टूल पुढे केलं. ती म्हणाली, "सुतक आमचं आन् ठराव तुमचा, असं कसं?"

मग तिने सांगितलं. भूकंपात तिचा नवरा गेला, मोठा मुलगा गेला. एक मुलगी राहिली. त्याच वस्तीतल्या एका माणसाची बायको गेली होती. वडीलधाऱ्यांनी दोघांचा पाट लावायचं ठरवलं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात विधवेचं दुसरं लग्न म्हणजे पाट. तो वाजतगाजत लागत नाही. अंधार पडल्यावर, चार माणसांत, मुक्यानं लावतात. बँडवाल्याला हे माहीत असणारच, कारण तिथे त्याला कधी बोलावणं येत नाही. मी तसं म्हणालोही. "पाटाला बाजा? पाट मुक्यानं लागतो, बाई."

"मुकं लई झालं," ती म्हणाली. "माजी पोरगी पत्रा वाजला तरी भायेर पळती. कुणी हंडा आपटला तरी पळती. समदे गप बसले की इचारती, आई, आता कोन मेलं? लगीन मुकं लागलं तर तिला वाटंल अजून कुनी गेलं. तिला कळाया पायजे की लगीन हाय."

मी म्हणालो, "पण बाजा म्हटल्यावर ढोल आला."

"ढोल नको." हे ती एकदम बोलली. "ढोल त्या राती वाजला व्हता. समदी वस्ती पळंल. बिनढोलाचा वाजीव. येतंय का?"

बँडला ते येत नाही. ढोल काढला तर बँडची चाल बसते, माणसांची पावलंही पडत नाहीत. पण माझ्याकडे पेटी होती आणि पेटीतल्या दहाव्या वाटेला कुलूप घालता येतं. एक बटण दाबलं की झालं. मी म्हणालो, "येतंय."

जाताना ती म्हणाली, "माजं नाव घेऊ नका. बाई सोताच्या पाटाला बाजा सांगती म्हनतील. सासरला तोंड दावायचंय मला."

मी तिला शब्द दिला. माझ्यावर जे काही पुढे आलं ते या एका शब्दामुळे. मला त्याचा पस्तावा तेव्हा नव्हता, आजही नाही.

मी एकटाच गेलो. जीपच्या मागच्या बाजूला पेटी, की-बोर्ड आणि एक लहान स्पीकर. खड्ड्यांत हलू नये म्हणून पेटीच्या तळाला मी लोखंडी पट्टी ठोकून घेतली होती. पाट सकाळी लागला, कारण अंधार पडला की त्या वस्तीतली माणसं छपराखाली जायला घाबरत. शेडमधल्या दिव्याच्या बोर्डातून वीज घेतली. दहावी वाट बंद केली. स्पीकरवरचा जाड आवाजही पार खाली नेला, जमिनीतून काही येतंय असं कुणाला वाटू नये म्हणून. आणि सनई लावली.

सनईच्या साथीला बाकीच्या वाटाही हळू जोडल्या होत्या. पहिल्या सुराला दोन-तीन म्हाताऱ्या उठून बाहेर आल्या. पळाल्या नाहीत. उन्हात डोळ्यांवर हात धरून उभ्या राहिल्या. मग एकीने दुसरीला हळद आणायला पाठवलं. ती मुलगी, सहा-सात वर्षांची असेल, माझ्याजवळ येऊन बसली आणि पडद्यावरच्या उड्या मारणाऱ्या पट्ट्या बघू लागली. बऱ्याच वेळाने तिने एका रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"ही का उडंना?"

"ती झोपलीय," मी म्हणालो.

"उठवू नका," ती म्हणाली.

मी वस्तीतून निघालो तेव्हा मला वाटलं, आपण आयुष्यात पहिल्यांदा बाजा वाजवला.

औशात बातमी माझ्याआधी पोचली होती. हॉटेलात मला उभं केलं. मामूंनी एकच विचारलं, "गेला व्हतास?"

"हाव."

"सुपारी कुणी दिली?"

"कुणी न्हाई. माझा मी गेलो. मलाच वाजवायचं होतं."

दुसरं काय सांगणार? नाव घ्यायचं नव्हतं. कुणीतरी मागून म्हणालं, नवी पेटी मिरवायला गेला मढ्यांवर. ते वाक्य तिथेच जन्मलं. त्या चौकात शिक्षा करण्याची पद्धत साधी होती. कुणी शिवी देत नसे, हात उचलत नसे. माणसं द्यायची बंद. ऐन लग्नसराईत अब्बांना कुणी ढोलवाला दिला नाही, ट्रंपेटवाला दिला नाही. अब्बांचा बँड त्या हंगामात बसला. जो माणूस औशात स्वतःच्या नावाच्या पाटीखाली बसायचा, तो नांदेडला गेला आणि दुसऱ्याच्या बँडची टोपी घालून क्लॅरिनेट वाजवू लागला.

हे ओझं माझं आहे. ते मी कुणावर ढकलत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर अब्बा परत आले. ओठ सुजले होते. मला म्हणाले, "कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खोटं कळलं असावं असं मला अजून वाटतं. म्हणाले, "सूर बरा लागला का?"

"लागला."

"मग ठीक आहे." त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. तो बँडही पुन्हा उभा राहिला नाही.

मी लातूरला आलो. एका माडीवर खोली घेतली, भिंतींना गोणपाट आणि अंड्यांचे ट्रे ठोकले, दाराला रजई लावली आणि भजनाच्या, भीमगीतांच्या कॅसेट रेकॉर्ड करू लागलो. पेटी होतीच. पण दार उघडं ठेवून मी कधी वाजवलं नाही. वरातीत नाही, मंडपात नाही, घरच्या लग्नातही नाही. रस्त्यावर बाजा आला की मी गल्ली बदलायचो. शिक्षा चौकाने एका हंगामाची दिली होती. उरलेली मीच मला देत बसलो.

मग लातूर बदललं. शिकवणीच्या गल्ल्या वाढल्या, गावोगावची मुलं ट्रंका घेऊन उतरू लागली, ज्याच्याकडे चार पत्रे होते त्याने वसतिगृह काढलं. कॅसेट मेल्या होत्या. शेजारच्या मेसमधल्या दोघांनी एकदा माझी खोली पाहिली आणि म्हणाले, "काका, इथं बसून वाचू का? बाहेर लई कालवा हाय." इतकी शांत खोली त्यांनी शहरात पाहिली नव्हती. आधी दोघं आली, मग खोली भरली. पेटीसाठी जागा उरली नाही. हैदराबादकडचाच एक जण येऊन ती घेऊन गेला. तेव्हापासून आमचं घर अभ्यासिकेवर चालतं. पुढे मुलाने खाली मोठा हॉल घेतला, पण पहिला व्यवहार त्या गोणपाटाचाच. ज्या खोलीत मी आवाज कोंडला होता तिथली शांतता विकून आम्ही वर आलो. डॉक्टर झालेली मुलं पेढे आणून देतात. मी पेढा घेतो.

हे सगळं आताच का लिहितो, तर या जूनमध्ये ती आली.

प्रवेशाचे दिवस होते. एक म्हातारी, नातीचा हात धरून, सरळ हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "हितं बसायचं व्हय? उजेड बरा हाय."

सगळ्या माना वर झाल्या. मुलगा घाईने पुढे गेला. "आजी, हळू. इथं कुणी बोलत नाही."

"का? कोन मेलंय?"

मी ते ऐकलं आणि टेबलावरून उठलो. चेहरा मी ओळखला नसता. तिने मात्र मला पाहिलं, जवळ आली, निरखलं.

"तुमी पेटीवाले न्हवं?"

"हाव."

"ही तिची लेक," तिने नातीला पुढे केलं. "पेटीम्होरं बसली व्हती की, तिची. डाक्टर व्हायाचं म्हनती." मग इकडे तिकडे बघत, "पेटी कुटाय?"

"विकली."

"का वो?"

मुलगा म्हणाला, "अब्बा वाजवत नाहीत. बाहेर तर कधीच नाही." तो ते सहज बोलला. ती माझ्याकडे बघत राहिली. हुशार बाई, तिला सगळं सांगावं लागलं नाही.

"नाव घेतलं न्हाई व्हय अजून?"

"शब्द दिला होता."

"आवो, सासू जाऊन जमाना झाला. मालक बी गेले. आता मला कोन काय म्हननार, आन् म्हनलं तर म्हनू दे. सांगा खुशाल, म्यांच सांगितलं व्हतं वाजवा म्हनून." आणि जाता जाता, मागे न वळता, "घ्या की दुसरी पेटी. मिळत न्हाईत का?"

मुलाने त्या दिवशी माझ्याकडून पहिल्यांदा सगळं ऐकलं. तरीही फोटो पाहिल्यावर तो म्हणाला, लोक विसरलेत. त्याचं चूक नाही. त्याला माझी काळजी आहे, मला माझ्या नावाची.

नांदेडला मी एसटीने गेलो. पत्ता एका अशा गल्लीतला, जिथे आता घरांपेक्षा शिकवण्यांचे फलक मोठे आहेत. त्या फलकांवरच्या हसऱ्या मुलांखाली एक जिना. वर राहणारा माणूस पूर्वी ऑर्केस्ट्रात होता. त्याने मला पाण्याचा तांब्या दिला आणि पहिलंच वाक्य असं टाकलं, "काका, घेणार की बघणार? रील करणारी पोरं येतात, फोटो काढून जातात."

"वाजवून बघणार. मग ठरवणार."

"वाजवता?" त्याने माझी बोटं पाहिली.

"वाजवत होतो."

पेटी हातात घेतल्यावर मी आधी ती उलटी केली. तळ गुळगुळीत होता. माझ्या पट्टीची भोकं नव्हती. खोटं कशाला बोलू, बसमध्ये सगळा वेळ मनात तेच होतं की ही आपलीच निघावी. ती कुणा दुसऱ्याची होती.

मग मी तिच्यातले दोष शोधू लागलो, अगदी मुलाच्या वतीने. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर. पडद्याचा एक कोपरा मालवलेला. विजेचं कनेक्शन जपानी, आपल्या विजेवर सरळ लावलं तर जळेल, मध्ये ट्रान्सफॉर्मर हवा. तो तिथेच होता, पण जुना आणि तापणारा. आणि मोठा दोष तो स्वतःहून बोलला. "आतला सेल गेलाय. तुम्ही जे काही लावाल ते बंद केलं की विसरते. दर वेळी पहिल्यापासून."

"सेल बदलता येत नाही?"

"येतो. उघडणारा पाहिजे. मी हात लावला न्हाई, उगं उघडली आन् बंद पडली तर?"

मी ती बंद केली, पुन्हा चालू केली. सोळाही वाटा जाग्या झाल्या. की-बोर्डवर हात ठेवला, ढोल घुमला. म्हणजे ही घेतली तर ढोल दर वेळी हाताने बंद करावा लागणार. मी बंद केला आणि सनई लावली. बोटं अडखळली, दोन सूर निसटले. तिसऱ्या ओळीला मात्र हात आपसूक चालू लागले. तो माणूस बोलता बोलता थांबला.

मी म्हणालो, "जरा चहा घेऊन येतो."

"गेलेलं गिऱ्हाईक परत येत न्हाई, काका."

खाली फलकांच्या सावलीत एका बाकावर बसलो. याच शहरात अब्बांनी तो हंगाम काढला होता. कुठल्या गल्लीतून वरात गेली असेल, कुठे थांबून त्यांनी ओठ पुसले असतील, मला माहीत नाही. मी स्वतःला विचारलं, पेटी घेऊन अब्बांचा बँड उभा राहणार आहे का? नाही. मग न घेऊन? न घेताही मी इतकी वर्षं काढली आणि तो उभा राहिला नाही. माझ्या गप्प बसण्याने अब्बांना काही मिळालं नव्हतं. मिळालं ते चौकाला, एक चघळायला वाक्य. त्यांनी मला विचारलं होतं, सूर बरा लागला का. चौकात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि लागला होता. हे ऐकवायचं असेल तर पेटीच लागते, मोबाईल काढून चालत नाही. चालेलही म्हणा, पण मला नको.

मी जिना चढून परत गेलो. तो हसला. "काढू का पिशवी?"

"काढा. आणि तो लहान की-बोर्डही द्या."

"विसरते हं ती. नंतर म्हणू नका सांगितलं न्हाई."

"विसरू द्या," मी म्हणालो. "मला आठवतंय."

पेटी मी लातूरला नेली नाही, असं नाही. नेली, मुलाला दाखवली, तो कपाळावर हात मारून हसलाही. पण वाजवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घेऊन औशाच्या बसमध्ये बसलो. मुलगा म्हणाला, "अब्बा, मी येऊ?" मी नको म्हणालो.

चौकात पाट्या गेल्या आहेत. मामूंच्या टपरीत त्यांचा नातू मोबाईलची कव्हरं विकतो. मामू बाहेर खुर्चीत बसलेले असतात. अंगावर मांस राहिलेलं नाही, पण मनगटं अजून ढोलवाल्याची. समोरचं हॉटेल आहे. जुन्यांपैकी आणखी दोघं-तिघं तिथे बाकावर होते.

"कोण?" मामूंनी डोळे बारीक केले. "क्लॅरिनेटवाल्याचा का? वाट चुकलास काय रं?"

"चुकलो न्हाई. मुद्दाम आलोय."

"पिशवीत काय हाय?"

"पेटी."

बाकावरचा एक जण म्हणाला, "मिरवायला आणली व्हय परत?"

"हाव," मी म्हणालो. "मिरवायला आणलीय. बघा नीट."

आणि मी उभ्यानेच सांगितलं. बाई आली होती, तिने काय विचारलं, मुलगी काय विचारायची, पाट होता, नाव का घेता आलं नाही. आवाज चढला असेल माझा. चढू दे. मामूंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मग तवाच का बोलला न्हाईस?"

"तुम्ही सुपारी कुणी दिली ते विचारलंत. तिला काय पाहिजे होतं ते कुणी विचारलं? ठराव करताना तरी त्या वस्तीत कुणी गेलं होतं? मी चौकाची माफी मागायला आलेलो नाही, मामू. ऐकवायला आलोय."

टपरीच्या बोर्डात ट्रान्सफॉर्मर खोचला, नातवाच्या स्पीकरला वायर लावली. पेटी चालू झाली, सोळाही वाटा उघड्या. मामू पुढे वाकून पडद्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर मी दहावी वाट निवडली आणि बंद केली. मग सनई लावली, तिथे वाजवलं होतं तेच, तितकंच हळू.

ओळ दोनदा झाली. बस आली, गेली. मामूंचे हात गुडघ्यांवर होते, बोट हलत नव्हतं.

"ठेका कुटाय?" त्यांनी विचारलं.

"बंद आहे. तिथंही बंद होता. ढोल ऐकला की वस्ती पळाली असती."

पडद्यावरून नजर न काढता ते म्हणाले, "त्या सांजंला तिकडं म्याच वाजवला व्हता. लई जोरात वाजवला. पोरं म्हनली अजून, मामू, अजून." ठराव कशासाठी झाला होता ते मला तेव्हा कळलं. कळलं म्हणून मी हात थांबवले नाहीत. त्यांचं दुःख त्यांचं होतं, ते तिच्या मुलीने का सोसायचं?

मामूंनी हॉटेलवाल्याला खूण केली. एक चहा आला. त्यांनी अर्धा बशीत ओतला आणि बशी माझ्याकडे सरकवली.

"आता तरी चालू कर तो ढोल," ते म्हणाले. "बघू तरी जपानी ढोल कसा वाजतो."

"नाही," मी म्हणालो. "आज असंच. पुरतं ऐका आधी."

बाकावरचं कुणी हललं नाही. मी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं आणि शेवटापर्यंत नेलं. तोवर बशीतला चहा गार झाला होता. मी त्याला हात लावला नाही, आणि मामूंनीही बशी परत ओढून घेतली नाही.